गरीब कोणास म्हणावे?

ज्याच्या गाठी पैसा नाही त्यास उर्दूत आणि मराठीत गरीब म्हणतात. परंतु ज्या अरबीतून हा शब्द फारसीच्या वाटेने हिंदुस्थानात उतरला, तिच्यात गरीब म्हणजे परका, आपल्या मुलखापासून दुरावलेला मनुष्य, आणि निर्धनासाठी तिथे फकीर, मिसकीन हे निराळेच शब्द आजही चालतात. पश्चिमेस गर्ब, सूर्यास्तानंतरच्या नमाजास मगरिब म्हणतात, ते त्याच धातूवरून. उर्दूनेही हा जुना अर्थ टाकलेला नाही. विलक्षण गोष्टीस ती ‘अजीब-ओ-गरीब’ म्हणते, तेव्हा त्या गोष्टीच्या सांपत्तिक स्थितीशी कोणास कर्तव्य नसते. इक्बाल यांच्या १९०४ सालच्या तराण्यातील ‘गुरबत’ हीदेखील दारिद्र्य नव्हे, परदेशवास आहे. आणि अजमेरचे ‘गरीबनवाज’ ख्वाजा मोइनुद्दीन चिश्ती हे स्वतःच दूरच्या सीस्तानातून आलेले होते.

मराठीने तर आणखी पुढे जाऊन गरीब म्हणजे निरुपद्रवी असेही ठरविले. आपल्याकडे गाय गरीब असते, आणि जावई गरीब स्वभावाचा निघाल्यास सासूबाई समाधान पावतात.

परका, निर्धन आणि मुकाट्याने सोसणारा हे तीन अर्थ एका शब्दात निव्वळ योगायोगाने नांदत असतील, असे मला वाटत नाही. दसरा उलटल्यावर बीडकडून ऊसतोडीस निघणारे जोडपे पाहावे. मुकादमाची उचल अंगावर घेतलेली, त्याच्या हिशेबात नवराबायको मिळून ‘एक कोयता’, कारखान्याच्या आसपास कोपी घालून हंगामभर मुक्काम. मुलाचे नाव शाळेच्या पटावर, पण शाळा गावाकडे. आणि ज्या गावच्या उसात राबायचे तिथल्या ग्रामसभेत त्यांचा शब्द नाही. उत्पन्नाच्या दाखल्यावरून शिधापत्रिकेचा रंग ठरविणाऱ्या सरकारी दप्तरास त्यांची निर्धनता दिसते, परकेपणा दिसत नाही. शिधापत्रिका आता परगावीही चालते, ही सुधारणा खरी; तथापि दवाखाना, शाळा आणि फिर्याद ऐकणारा अंमलदार अजून रहिवासाच्या पुराव्यावरच अडतो. माझ्या मते हंगामापूर्वी कारखान्याच्या तालुक्यातील तहसील कचेरीने मुकादमांच्या वह्या मागवून या पाहुण्या रयतेची नोंद आपल्या दप्तरी करावी, तीच रहिवासाचा दाखला मानावी, आणि तीत नवऱ्याचे व बायकोचे नाव वेगवेगळे लिहावे.