पाच वर्षांनंतरचे मूल

2017 च्या ऑगस्टपासून पुढील काही महिन्यांत म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांची जी आरोग्यपाहणी झाली, तीत कुतुपालोंगच्या जुन्या छावणीतील सुमारे 24 टक्के मुले तीव्र कुपोषित आढळली आणि जवळजवळ निम्मी मुले रक्तक्षयाने ग्रस्त होती. त्या वेळी आईच्या अंगावर पिणारी ती बालके केव्हाच शाळेच्या वयाची झाली. परंतु शाळेच्या उंबरठ्यावर त्यांच्या रक्ताची पुन्हा विचारपूस करण्याची तजवीज कोणी मनापासून केली, असे दिसत नाही.

याचे कारण व्यवस्थेच्या घडणीतच आहे. लहान मुलाच्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळतात, घेर 12.5 सेंटिमीटरहून कमी भरला तर त्याचे नाव पोषणकेंद्राच्या दफ्तरी चढते आणि त्याला पौष्टिक आहार सुरू होतो. मात्र मूल पाच वर्षांचे झाले की ती पट्टी आणि ते दफ्तर ही दोन्ही त्याच्यापुरती मिटतात. शाळेच्या हजेरीपटात हजर की गैरहजर एवढीच नोंद होते. एका खात्याने सोडलेले आणि दुसऱ्या खात्याने न उचललेले हे मूल नेमके त्याच वर्षी अक्षर गिरवू लागते, आणि शिकणाऱ्या मेंदूला लोहाची आवश्यकता असते.

रक्तक्षयाचे मूल आजारी दिसत नाही, हीच यातील मोठी फसगत आहे. ते वर्गात निमूट बसते, फळ्यावरचे उतरवून घेताना मध्येच थांबते, खेळाच्या तासाला भिंतीशी टेकून उभे राहते, आणि शिक्षक त्याला मंद ठरवून मोकळे होतात. वस्तुतः त्याची खालची पापणी हलकेच ओढून पाहिली तर आतला भाग लाल असण्याऐवजी फिक्कट पांढुरका दिसेल. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला 11.5 ग्रॅमहून कमी भरले तर तो रक्तक्षय समजावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे, आणि ते मोजण्यास बोटाच्या टोकावरील रक्ताचा एक थेंब पुरतो.

निर्वासिताच्या मुलावर हे संकट अधिक घट्ट बसते, कारण त्याच्या घरच्यांना शेत नाही, उघडपणे रोजगार करण्याची मुभा नाही, आणि शिधा तेवढाच मिळतो जेवढा दूरच्या देशांतील देणगीदारांनी मंजूर केला. 2023 मध्ये कॉक्स बाजारच्या छावण्यांतील दरडोई मासिक शिधा 12 डॉलरांवरून 10 आणि पुढे 8 डॉलरांवर आणला गेला. तो पुढे वाढवण्यात आला हे खरे, परंतु मधल्या महिन्यांत ज्या मुलांच्या ताटांतून मासळी, अंडे आणि भाजी गेली ती मुले वाढीच्या वयातच होती. त्यात दाट वस्तीतील जंतांची भर पडते. शिवाय आग्नेय आशियात हिमोग्लोबिनचा एक आनुवंशिक दोषही आढळतो, म्हणून सरसकट लोहाच्या गोळ्या वाटून कर्तव्य संपले असे मानणेही योग्य नव्हे. तपासणी आधी व्हावी, हा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून बाजूला सारण्याचा अधिकार आपल्याला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील पाच वर्षांखालील सुमारे 67 टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली आणि महाराष्ट्राचा आकडा त्याहून किंचित अधिकच होता. पण आपल्या शाळकरी मुलाला निदान आठवड्याची लोहाची गुलाबी गोळी, वर्षातून दोनदा जंताचे औषध आणि दुपारची खिचडी यांचा हक्क आहे. उलट दिल्लीत राहणाऱ्या रोहिंग्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि त्या मुलांनी प्रथम शाळेकडे अर्ज करावा, असे 2025 मध्ये न्यायालयाने सांगितले. अशा अर्जाने एखादे मूल दारी आले, तर त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे, की प्रवेशाच्या दिवशीच त्याचे रक्त तपासून घ्यावे, आणि आधारकार्ड नाही म्हणून त्याचे नाव खिचडीच्या यादीतून वगळू नये.