कुलूप पक्के केले, पण किल्ली कुणाच्या हाती?

बेंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्यात जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले अशा मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत. तिथल्या एखाद्या लहान कारखान्यातला हिशेबनीस डोळ्यांपुढे आणा. सकाळी त्याने कार्यालयाच्या जीमेल खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावली. संध्याकाळी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बिले पाठवू लागला, तर एकही ईमेल जाईना. पासवर्ड अचूक, तरीही नकार! चाकण असो वा इचलकरंजी, अनुभव हाच येतो.

हा बिघाड नव्हे. ईमेल वाहून नेणारा एसएमटीपी हा संकेत १९८२ सालचा. पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय त्यात मुळात नव्हतीच. ती १९९९ मध्ये जोडली गेली, तीही प्रामुख्याने नाव आणि पासवर्ड एवढ्यावरच भागवणारी. दुसऱ्या पायरीवर मोबाइलवर आलेला आकडा माणूस वाचू शकतो. मध्यरात्री आपोआप बिले धाडणारे सॉफ्टवेअर तो कोठून वाचणार? शिवाय ३० मे २०२२ पासून गुगलने वैयक्तिक खात्यांत केवळ मुख्य पासवर्डावर बाहेरच्या सॉफ्टवेअरला मिळणारा प्रवेश बंद केला.

अशा वेळी पडताळणीच काढून टाकण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. खात्यात शिरलेला भामटा जुनी बिले वाचतो, ग्राहक हेरतो आणि बँक खात्याचा क्रमांक बदलून हुबेहूब तसेच बिल धाडतो. पैसे जातात आणि वर्षानुवर्षे जोडलेला विश्वासही.

तातडीचा उपाय म्हणजे ॲप पासवर्ड. गुगल खास त्या सॉफ्टवेअरसाठी १६ अक्षरांचा वेगळा पासवर्ड देते. पण तो कायमचा तोडगा मानू नये. तो वापरताना दुसरी पायरी विचारली जात नाही, म्हणून तो चोरीला गेला तर धोका उरतोच. मुख्य पासवर्ड बदलला की तो रद्द होतो, आणि बिले पुन्हा अडतात.

खरी वाट २०१२ साली प्रमाणित झालेल्या ओऑथ २.० ची. तीत सॉफ्टवेअरला पासवर्ड कळतच नाही. मालकाच्या संमतीने मर्यादित परवाना मिळतो. ‘फक्त ईमेल पाठव, वाचू नकोस’ इतका नेमका परवानाही देता येतो. निरोप्याला पत्र सोपवावे, तिजोरीची किल्ली नव्हे, हे तर आपले जुनेच व्यवहारज्ञान.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. दोष हिशेबनिसाचा नाही. ज्या सॉफ्टवेअरला आजही मुख्य पासवर्डच हवा असतो आणि नकाराचे कारण ज्याला ग्राहकाच्या भाषेत सांगता येत नाही, दोष त्याच्या रचनेचा आहे. आनेकलला लागूनच इलेक्ट्रॉनिक सिटी आहे. सॉफ्टवेअर लिहिणारे हात फार दूर नाहीत. उद्या त्या खुर्च्यांवर तुमच्यापैकीच काही जण बसतील. तेव्हा कुलूप अधिक भक्कम जरूर करा, पण प्रामाणिक माणूस दाराबाहेर ताटकळत राहणार नाही, हेही पाहा.