ड्रोन विकत घ्यायचा की काम बाहेर द्यायचं? साखर कारखान्यांनी आधी हे गणित मांडावं

उसावर फवारणीसाठी कारखान्यानं स्वतःचा ड्रोन घ्यावा, हे ऐकायला छान वाटतं. पण खर्च खरेदीवर थांबत नाही. 'ड्रोन नियम २०२१'नुसार नोंदणी, थर्ड पार्टी विमा आणि प्रमाणपत्रधारक पायलट लागतो. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फवारणीचं काम मात्र हंगामापुरतं. एरवी ड्रोन पडून राहतो, बॅटऱ्या जुन्या होतात. एकुलता पायलट नोकरी सोडून गेला, तर काम ठप्प.

त्यापेक्षा एकरी दरानं काम बाहेर द्यावं. करारात तीन अटी हव्यातच: वेळेत फवारणी, पिकाचं नुकसान झाल्यास भरपाई आणि शेताचा डेटा इतरांना न देणं. सहकारी कारखान्याचा पैसा शेवटी सभासद शेतकऱ्यांचाच असतो.