सणाला नवीन काय करायचं, हे ठरवणार कोण?

सण जवळ आला की घरात एक प्रश्न हटकून निघतो, ‘यंदा नवीन काय करणार?’ सासरे विचारतात, नवरा विचारतो, मुलं विचारतात. टीव्हीवरून आणि मोबाईलवरून तर महिनाभर आधीपासून विचारलं जातं. उत्तर द्यायची जबाबदारी मात्र घरातल्या बाईची. धर्म कुठलाही असो, यात फरक पडत नाही. दिवाळीचा फराळ असो, ईदचा शीरखुर्मा असो, की भीमजयंतीला येणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक असो. मैत्रिणींनो, या प्रश्नाविषयी मला लिहायचं आहे ते एका फार लहान समाजाच्या सणाच्या निमित्ताने. तो समाज म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्रायल.

एम. एस. डब्ल्यू.ला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण अलिबागकडची बेने इस्रायल आहे. ज्यूंचं नवं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतं. हिब्रूत त्याला रोश हशाना म्हणतात. बेने इस्रायलांमधलं त्याचं जुनं नाव ‘नव्याचा सण’. या सणाच्या जेवणाला तेच ते नको, अशी घरून फर्माईश झाली आणि तिने मला विचारलं, ‘तुमच्या मराठवाड्यातलं काही सुचव ना.’ मी छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे औरंगाबादची, नान खलियाच्या गावची. लग्नकार्यात हा खलिया मोठमोठ्या देगांमधून शिजतो आणि तो शिजवणारे पुरुष असतात, मजुरी घेऊन. घरातला सणाचा स्वयंपाक बाया करतात. त्याला मजुरी तर नाहीच, ‘काम’ हे नावही नाही. तेव्हा तिला पदार्थ सुचवण्याआधी तिच्या ताटात जुनं काय आहे, ते कुणी केलं, हे समजून घ्यावंसं वाटलं.

बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. पुढे ते गावोगाव पसरले, पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर झाले. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. त्यांच्या सणांची जुनी नावं ऐकली की आपलीच वाटतात : नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. यातली खीर नव्या तांदळाची. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्या शोकाच्या दिवशी बिरडं खायचं, म्हणून तो बिरड्याचा सण.

आता नियम बघा. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. माशाला पर आणि खवले दोन्ही असले तरच तो खायचा. वल्हांडणाच्या सणाला आंबवलेलं काही चालत नाही. हे नियम धर्मग्रंथातले. पण ते पाळून रोज ताट भरायचं कसं, हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेलं नव्हतं. ते कोकणातल्या बायांनी शोधून काढलं. मटणाच्या जेवणानंतर गाईम्हशीच्या दुधाचं गोड चालत नाही ना? मग नारळाचं दूध घ्या. प्रार्थनेला द्राक्षाची वाईन मिळत नाही? मग मनुका भिजवून, कुस्करून त्यांचं सरबत करा. नवस फेडायचा, आभार मानायचे, तर पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं यांचा मलिदा. आपल्याकडे दर्ग्यावर मलिदा असतो तो पोळीचा आणि गुळाचा. शब्द एकच, आणि पदार्थ त्या त्या मुलखातल्या बायांच्या हाताचा. आज ज्याला आपण ‘परंपरागत पदार्थ’ म्हणतो, तो कधी काळी कुणा तरी बाईने केलेला नवीन पदार्थच होता. तिचं नाव मात्र कुठेही नोंदलेलं नाही.

या समाजाच्या आठवणीत एक गोष्ट फार मोलाची आहे. डेव्हिड राहाबी नावाचा एक ज्यू पाहुणा कोकणात आला. हे लोक खरंच ज्यू आहेत का, याची त्याला खात्री करायची होती. हिब्रू ते विसरले होते, ग्रंथ जवळ नव्हते, ‘शेमा’ ही एक प्रार्थना तेवढी तोंडपाठ होती. त्याने बायांपुढे मिसळीचे मासे ठेवले आणि शिजवायला सांगितले. बायांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले. म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. तेवढ्याने त्याला ओळख पटली. ही दंतकथा आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे. पण दंतकथेनेसुद्धा कबूल केलं आहे की धर्म जिवंत होता तो बायांच्या हातात, चुलीपाशी.

आता इतिहासाकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलला गेले. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने असा आदेश काढला की इतर ज्यूंशी लग्न करायचं असेल तर बेने इस्रायलांच्या आईकडच्या वंशाची मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. आईची, आजीची, पणजीची लग्नं कशी झाली, घटस्फोट नियमाप्रमाणे झाले का, हे सगळं तपासायचं. लोकांनी विरोध केला, जेरुसलेममध्ये धरणं धरलं. अखेर १९६४ साली हे लोक सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत असं इस्रायलच्या संसदेने आणि सरकारने स्पष्ट केलं. म्हणजे पाहा, बाईच्या शुद्धतेची चौकशी करायची वेळ आली तेव्हा आजी-पणजी आठवली. तिने पिढ्यान्‌पिढ्या काय जपलं, हे मात्र कुणी विचारलं नाही. हे फक्त ज्यूंचं नाही. आपल्या प्रत्येकीच्या जातीत, धर्मात हेच घडतं. बाईची कूस मोजली जाते, तिची अक्कल मोजली जात नाही.

सनातनी परंपरेत सामुदायिक प्रार्थनेसाठी दहा पुरुष लागतात. बाया कितीही असल्या तरी त्या दहात धरत नाहीत, त्यांची बसायची जागाही वेगळी. याविरुद्ध पाऊल उचलणारी बाई याच समाजात निघाली. डॉ. जेरुशा झिराड या स्त्रीरोगतज्ज्ञ. लंडनच्या लिली माँटेग्यू यांच्या कामापासून प्रेरणा घेऊन त्यांनी १९२५ साली मुंबईत ज्युईश रिलिजियस युनियन ही उदारमतवादी संस्था उभी केली. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. धर्मात बाईला जागा हवी असं म्हणणं आजकालचं फॅड नाही, हे यावरून लक्षात यावं.

आता पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ. नव्याच्या सणाचा मानाचा पदार्थ म्हणजे चिकाचा हलवा. गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, चीक खाली बसू द्यायचा, वरचं पाणी काढायचं. मग नारळाचं दूध आणि साखर घालून घट्ट गोळा होईपर्यंत घोटत राहायचं. आमच्या वस्तीतल्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा बाया म्हणाल्या, ‘अगं बाई, म्हणजे आपल्या कुरडयांचाच चीक की!’ आणि लगेच दुसरी म्हणाली, ‘मग त्या बाईचेही खांदे दुखत असतील.’ मला वाटतं, स्त्रियांची एकजूट ती हीच.

या हलव्याला अनेक बेने इस्रायल घरांनी केव्हाच पर्याय काढला आहे. चिकाऐवजी कॉर्नफ्लोअर किंवा चायनाग्रास. दोन दिवसांचं काम तासाभरावर आलं. जुन्या बाया म्हणतात, चव गेली. गेलीही असेल. पण बाईचे दोन दिवस वाचले, त्याचा हिशेब कोण करणार? देशाच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं आढळलं. शिवाय त्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्या बाया शंभरात ८१ आणि पुरुष शंभरात २६. हे सरासरी दिवसाचं. सणाच्या दिवसाचं काय होत असेल?

म्हणून मैत्रिणीला पदार्थ सुचवताना मी दोनच कसोट्या लावल्या. एक, धर्माचा नियम मोडू नये, कारण तो तिला मोडायचा नाही. दोन, घरातल्या कुणालाही, पुरुषालासुद्धा, तो करता यावा. चवळी, लाल भोपळा, खजूर, डाळिंब हे जिन्नस अनेक ज्यू घरांत नव्या वर्षाला शुभ मानतात, आणि ते सगळे आपल्या बाजारात मिळतात. चवळी रात्री भिजवून काळ्या मसाल्यात एकाच पातेल्यात उसळ. लाल भोपळ्याची शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी. डाळिंबाचे दाणे आणि ओलं खोबरं यांची कोशिंबीर, जेवणात मटण असल्यामुळे दह्याशिवाय. आणि हलवा चायनाग्रासचा. तिने उलट कळवलं की नारळ खवायचं काम भावाला दिलं आहे. नवीन पदार्थ कोणता, असं मला विचाराल तर मी भावाच्या हातातली खवणी हेच सांगेन.

काही मैत्रिणी म्हणतील, स्वयंपाकात आमचा आनंद आहे, तोही काढून घेणार का? अजिबात नाही. आनंद असेल तर तो नाही म्हणण्याच्या मोकळीकीसकट असला पाहिजे. जे करायला नकार देता येत नाही, त्याला आनंद म्हणता येणार नाही. दुसऱ्या म्हणतील, आता सगळं तयार मिळतं. खरं आहे. पण तयार फराळ करणारीही बाईच असते. बचतगटाकडून चकली घेताना आपण घासाघीस करतो की तिच्या वेळेचे पैसे मोजतो, हेही तपासायला हवं. नाही तर आपली सुटका म्हणजे दुसरीच्या पाठीवर ओझं.

गटांना माझी एक सूचना आहे. पुढच्या सणाच्या आधी एक बैठक घ्या. फळ्यावर सणाच्या सगळ्या कामांची यादी लिहा, वाणसामान आणण्यापासून भांडी घासण्यापर्यंत. प्रत्येक कामापुढे ते कोण करतं आणि किती वेळ लागतो ते लिहा. दुसऱ्या यादीत प्रत्येकीने आई-आजीकडून शिकलेला एक पदार्थ तिच्या नावासह लिहावा. पहिली यादी घरी नेऊन सगळ्यांसमोर वाचा आणि कामं वाटून घ्या. दुसरी गटाच्या वहीत जपून ठेवा.