ब्रह्मी निर्वासित : मैत्रीचे बळ आणि कायद्याची पोकळी

रायपूर : म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता हाती घेतली. त्यानंतर सीमा ओलांडून तीस हजारांहून अधिक लोक मिझोरममध्ये आले. त्यांतील बहुसंख्य चिन जमातींचे आणि ख्रिस्ती धर्माचे आहेत. त्यांच्या अन्नवस्त्राचा भार मुख्यतः तेथील चर्च, यंग मिझो असोसिएशन आणि सामान्य गावकऱ्यांनी उचलला. या मैत्रीचे मोल मोठे आहे. मात्र निर्वासिताला कायदेशीर ओळख देणे तिच्या आवाक्यातले नाही. हा फरक किती मूलभूत आहे, हे सीमेपासून दूर असलेल्या रायपूरच्या इतिहासातून स्पष्ट होते.

मानाचा अनुभव

पूर्व पाकिस्तानातून १९६४ मध्ये निर्वासितांची मोठी लाट आली, तेव्हा रायपूरजवळ माना येथे सरकारने विस्तीर्ण छावणी उभारली. येथून अनेक कुटुंबांना १९५८ मध्ये सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पाच्या क्षेत्रात, म्हणजे बस्तर व कोरापुटकडे पाठवण्यात आले. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील बंगाली वसाहतीही पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या पुनर्वसनातूनच उभ्या राहिल्या आहेत.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. अपरिचित, कोरडवाहू भूमीला कंटाळून १९७८ मध्ये हजारो निर्वासित सुंदरबनातील मरिचझापी बेटाकडे गेले आणि १९७९ मध्ये त्यांना तेथून बळाने हुसकावण्यात आले. तरीही माना छावणीमागे एक तत्त्व होते. निर्वासिताची जबाबदारी शासनाची, हे ते तत्त्व. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांच्या बाबतीतही केंद्राने ते काही प्रमाणात पाळले.

चिन निर्वासितांच्या वाट्याला ते आले नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाने १० मार्च २०२१ रोजी सीमावर्ती राज्यांना पत्र पाठवून हा ओघ रोखण्यास सांगितले. मिझोरमचे तत्कालीन मुख्यमंत्री झोरमथंगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून ही भूमिका आपल्या राज्याला मान्य नसल्याचे कळवले. मिझो आणि चिन एकाच वंशाचे असल्याने सीमेपलीकडचे लोक मिझोरममध्ये परके मानले जात नाहीत.

श्रद्धेचे जुने धागे

या नात्याला श्रद्धेचीही जोड आहे. अमेरिकेतील एका मिशनरी संस्थेने १८१२ मध्ये आशियाकडे पहिली तुकडी पाठवली. तिच्यातील गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले आणि त्यांच्या कार्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. त्याच तुकडीतील अडोनिरम जडसन यांनी वाटेत बाप्टिस्ट पंथ स्वीकारला आणि त्याच वर्षी रंगून गाठले. बाप्टिस्ट मिशनरी १८९९ मध्ये चिन टेकड्यांतील हाखा येथे पोहोचले, तर मिझो टेकड्यांत मिशनचे काम १८९४ मध्ये सुरू झाले होते.

मिझो घरांत स्वयंपाकाच्या वेळी चर्चसाठी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रातील जुन्या मुष्टिफंडाची आठवण करून देणाऱ्या या शिस्तीने तेथील समाजाला स्वतःच्या बळावर सार्वजनिक कार्य उभे करण्याची सवय लावली. निर्वासितांसाठी तीच सवय कामी आली.

संशयाचा प्रश्न

ख्रिस्ती संस्थांच्या सेवेकडे देशात अनेकदा धर्मांतराच्या संशयाने पाहिले जाते. या वादाचा महत्त्वाचा भाग रायपूरच्या परिसरातच घडला. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात नियोगी समितीने १९५६ मध्ये मिशनरी कार्यावर अहवाल दिला. पुढे १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने बळ, फसवणूक किंवा प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतरास बंदी करणारा कायदा केला. तत्कालीन रायपूर जिल्ह्यातील बलौदाबाजार येथे रेव्हरंड स्टेनिस्लॉस यांच्यावर या कायद्याखाली खटला झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय न्यायालयाने १९७७ मध्ये दिला.

चिन निर्वासितांना हा संशय फारसा लागू पडत नाही, कारण ते पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहेत. परंतु टीकाकारांच्या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे. भुकेला माणूस आणि अन्नदाता यांच्यात समानता नसते. म्हणून मैत्रीची खरी कसोटी बौद्ध बर्मी आणि मुस्लिम रोहिंग्या निर्वासितांच्या दारात लागते. प्रार्थनेच्या हजेरीवर तांदळाची पिशवी अवलंबून असेल, तर तिला मैत्री म्हणता येणार नाही.

समान धर्मही पुरेसे कवच ठरत नाही. मिझोरममध्ये २००३ साली एका गुन्ह्याच्या आरोपानंतर संपूर्ण चिन समुदायावर रोष उसळला आणि हजारोंना परत जावे लागले. सद्भावनेवर उभा असलेला आश्रय सद्भावना आटताच कोसळतो, हे तेव्हा दिसले.

कायद्याची पोकळी

भारताने १९५१ च्या निर्वासित कराराला मान्यता दिलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. पूर्वीच्या १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. पण निर्वासित ही स्वतंत्र कायदेशीर श्रेणी त्यातही नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत ख्रिस्ती धर्माचा समावेश आहे, मात्र देश फक्त पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान हे तीन आहेत. त्यामुळे चिन ख्रिस्ती निर्वासित तिच्याही बाहेर राहतो.

न्यायालयांचा सूरही एक नाही. मणिपूर उच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये म्यानमारच्या सात नागरिकांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे दाद मागण्यासाठी दिल्लीला जाऊ दिले. त्याच्या आदल्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतील रोहिंग्यांची पाठवणी रोखण्यास नकार देऊन कायदेशीर प्रक्रिया पाळण्याचे बंधन तेवढे घातले होते.

पश्चिम दिल्लीतील विकासपुरी, उत्तमनगर भागांत भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या चिन कुटुंबांची स्थिती या पोकळीचेच फलित आहे. रविवारची प्रार्थनासभा त्यांना आधार देते, आजारपणात शेजारी मिळवून देते. नोकरीचा हक्क आणि उद्याची खात्री मात्र ती देऊ शकत नाही.

चर्चने आपली सेवा निरपेक्ष ठेवावी, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु शासनाने सोडून दिलेली जागा भरून काढणाऱ्यांवर केवळ संशय घेऊन ती जागा भरत नाही. माना छावणीच्या काळात देशाची साधने आजच्याहून कितीतरी तोकडी होती. तरी निर्वासिताची नोंद झाली, त्याला शिधा मिळाला. ब्रह्मी निर्वासिताला, त्याचा धर्म कोणताही असो, निदान तेवढी नोंद आणि तेवढे संरक्षण कायद्याने मिळायला हवे. मग मैत्रीला मैत्रीचेच काम करता येईल.