जनरेटरच्या तेलाची मुदत

गणेशोत्सव जवळ आला म्हणजे मंडपामागे ठेवावयाच्या लहान पेट्रोल जनरेटरची चौकशी सुरू होते; आणि त्याची क्षमता, त्याचा आवाज व त्याचे भाडे यांचा यथास्थित खल झाल्यावरही, ज्या अर्ध्या-पाऊण लिटर तेलावर त्या यंत्राचे आयुष्य अवलंबून असते त्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. काढलेच तर ते कंपनीच्या नावाविषयी, आणि माझ्या मते तो वाद सर्वस्वी अस्थानी आहे. डब्यावर पाहावयाचे ते एसएईपुढील दाटपणाचा अंक आणि एपीआयपुढील, पेट्रोल इंजिनासाठी ‘एस’ने आरंभ होणारा दर्जा, हे दोन्ही यंत्राच्या पुस्तिकेशी जुळले की निवड संपली. पुष्कळ पुस्तिका १०डब्ल्यू-३० सुचवितात. परंतु अकोल्या-नागपूरच्या वैशाखात हवेने थंड होणारे इंजिन हे तेल अंमळ अधिक खाते, म्हणून पुस्तिकेची मुभा असल्यास तेथे जुन्या वळणाचे एसएई ३० मला अधिक प्रशस्त वाटते.

खरा प्रश्न मुदतीचा आहे. आपल्याकडील पन्नास आवर्तनांच्या विजेसाठी हे इंजिन बहुधा मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे तासाला १,८०,००० फेरे घेते; त्यातच अशा लहान इंजिनांत सहसा मोटारीसारखी तेलाची गाळणी नसते, त्यामुळे नव्या यंत्राच्या घर्षणातून निघालेला धातूचा कीस त्याच तेलात फिरत राहतो. म्हणूनच पहिले तेल सुमारे २० तासांतच काढावे, आणि पुढे साधारण १०० तास किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, असा दंडक बहुतेक पुस्तिकांत आढळतो. भारनियमनाच्या काळात रोज सहा तास यंत्र चालविणाऱ्या दुकानदाराची ही शंभर तासांची मुदत सतराव्या दिवशी भरते. तो मात्र दिवाळीची वाट पाहत असतो!

तपासणीतही ढिलाई चालते. यंत्र बंद व सपाट जागी असावे, पट्टी पुसून मगच बुडवावी, आणि तिचे टोपण फिरवून बसवावे की नुसते टेकवावे हे पुस्तिकेत पाहावे, कारण टेकवायचे ते फिरवून बसविल्यास पातळी आहे त्याहून अधिक भासते. रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या संचांत तर पातळी वाढलेली दिसली म्हणून मालक संतुष्ट होतो. वस्तुतः न जळालेले रॉकेल पिस्टनच्या कड्यांवरून खाली उतरून तेल पातळ करीत असते, आणि असे तेल तत्काळ बदलणेच इष्ट. तेल कमी होताच इंजिन बंद पाडणारी कळ कित्येक यंत्रांत असते खरी, परंतु ती केवळ पातळी ओळखते, तेलाचा कस नव्हे.

यास्तव जनरेटर भाड्याने देणाऱ्यांनी तेल बदलल्याची तारीख व त्यानंतर चाललेले तास यंत्रावरच ठळक लिहावेत, आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनी भाड्याची घासाघीस करण्यापूर्वी ती नोंद मागून घ्यावी.