सुजलेला पाय आणि आपले उत्तरदायित्व

बाळंतिणीचा एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, की घरातील वडीलधारी मंडळी तेल कोमट करून पाय चोळावयास घेतात. असा रुग्ण आपल्याकडे आला असता वातप्रकोप समजून स्नेहन-स्वेदन योजण्याचा मोह आपल्यालाही होतो. हा मोह कटाक्षाने टाळला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होणे, म्हणजेच डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, हा विकार दुर्मीळ नाही. पाश्चात्त्य देशांत दर हजार प्रौढांमागे प्रतिवर्षी सुमारे एक ते दोघांना शिरांतील गुठळीचा विकार जडतो. आपल्याकडे तो क्वचितच होतो, ही समजूत फार काळ होती. तथापि २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह ३२ देशांतील पाहणीत रुग्णालयांत दाखल असलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांना त्याचा धोका आढळला.

रक्तप्रवाह मंदावणे, शिरेच्या अंतःस्तरास इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही त्याची तीन मूळ कारणे. म्हणून अस्थिभंग, खुबा-गुडघ्याची शस्त्रक्रिया, दीर्घकाळ अंथरुणास खिळणे, कर्करोग, स्थौल्य, वार्धक्य, संततिनियमनाच्या गोळ्या, पूर्वी झालेली गुठळी व कुलवृत्त यांची विचारपूस आवश्यक ठरते. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे विशेष धोक्याचे. सुश्रुतांनी सूतिकाकाल दीड महिन्याचा मानला, तो हाच काळ होय. या काळात बाळंतिणीला विश्रांती हवीच. परंतु सव्वा महिना बाजेवर खिळवून ठेवणे हितावह नाही.

गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. म्हणून एकाच पायास अकस्मात सूज, वेदना व उष्णता आढळल्यास मर्दन करू नये, शेक देऊ नये. त्याच दिवशी डॉपलर तपासणीसाठी पाठवावे. धाप लागणे, छातीत दुखणे वा थुंकीतून रक्त पडणे दिसल्यास क्षणाचाही विलंब नको. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांवर जलौकावचरण करू नये.

१९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी आरंभिलेल्या प्रकल्पाने अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांनाही आरोग्यसेविका म्हणून घडविले. मग शास्त्र शिकलेल्या आपण वैद्यांनी कोठे थांबावे, हे ओळखू नये काय? वेळीच पुढे पाठविलेला रुग्ण ही आयुर्वेदाची हार नव्हे. साध्यासाध्यविवेक हा आपल्या शास्त्राचाच आदेश आहे.